फावल्या वेळातली घरदुरुस्ती : अमेरिकेतील एका जोडधंद्याचा इतिहास

जुने, दुर्लक्षित घर स्वस्तात घ्यायचे, नोकरीवरून परतल्यावर संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी त्याची दुरुस्ती करायची आणि चांगली किंमत आली की विकायचे, हा अमेरिकेतील पगारदार वर्गाचा एक जुना जोडधंदा आहे. भराभर घरे घेऊन भराभर विकण्याच्या व्यवसायाला तिथे ‘फ्लिपिंग’ म्हणतात. नोकरी सांभाळून, बहुधा त्याच घरात राहून केलेली दुरुस्ती ही त्याहून संथ आणि त्याहून जुनी पद्धत होय. या जोडधंद्याला चार गोष्टी लागतात : सामान्य माणसाला स्वतःच्या हातांनी बदलता येईल असे घर, कामाच्या तासांबाहेर उरणारा वेळ, पगाराच्या जोरावर मिळणारे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि विक्रीचा नफा मालकाच्या हाती राहू देणारा करकायदा. या चारही गोष्टी एकदम आल्या नाहीत. १८३० च्या दशकापासून १९९७ पर्यंत त्या एकेक करून जमत गेल्या, आणि प्रत्येक टप्प्यावर या धंद्याचे रूप बदलले.

लाकडी सांगाड्याचे घर

महाराष्ट्रात दगड-विटांच्या किंवा काँक्रीटच्या घरातली भिंत हलवायची तर गवंडी लागतो, बिगारी लागतात, राडारोडा वाहून न्यावा लागतो. फ्लॅट असेल तर सोसायटीची परवानगीही काढावी लागते. अमेरिकेतील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची असतात. १८३० च्या दशकात शिकागो परिसरात ‘बलून फ्रेम’ नावाची बांधणी रूढ होऊ लागली. त्याआधीच्या घरांत जाड तुळया एकमेकींत खाचा करून बसवल्या जात आणि त्यासाठी मुरलेला सुतार लागे. नव्या पद्धतीत यंत्रावर कापलेल्या, दोन इंच बाय चार इंच मापाच्या बारीक दांड्या ठरावीक अंतरावर उभ्या करून कारखान्यात बनलेल्या खिळ्यांनी जोडल्या जात. हातोडी आणि करवत चालवता येणाऱ्या दोन माणसांना असे घर उभे करता येई.

भिंतींचे काम त्यानंतर सोपे झाले. पूर्वी लाकडी पट्ट्यांवर ओला गिलावा चढवत आणि तो वाळण्याची वाट पाहत. १९१७ मध्ये ‘शीटरॉक’ या नावाने जिप्समचे तयार तक्ते बाजारात आले. चार फूट बाय आठ फुटांचा तक्ता सांगाड्यावर ठोकायचा, सांध्यांवर कागदी पट्टी लावून लांबी भरायची, घासून रंग द्यायचा, की भिंत तयार. ती आतून पोकळ असल्यामुळे विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ तिच्यातूनच जातात. भिंत उघडून नळ बदलायचा आणि पुन्हा बंद करायची, हे काम आठवड्याच्या सुट्टीत बसू शकते.

घर ही सुट्या भागांची वस्तू आहे, ही समजूत टपालाने विकल्या जाणाऱ्या घरांनी पक्की केली. सिअर्स, रोबक या कंपनीने १९०८ ते १९४० या काळात सूचीतून घरे विकली. मापात कापलेले लाकूड, खिळे, दारे-खिडक्या, रंग आणि जोडणीची पुस्तिका असा सगळा संच मालगाडीने येई. अशी सुमारे ७० हजार घरे विकली गेली असावीत असा अंदाज आहे. त्यांतली बरीच घरे कामगारांनी आणि कारकुनांनी नातेवाइकांच्या मदतीने उभारली.

वेळ आणि कर्ज

हाताने दुरुस्त करता येणारे घर असले, तरी आठवड्याचे सहा दिवस दहा-दहा तास राबणाऱ्या माणसाला दुसऱ्या कामासाठी अंगात त्राण उरत नाही. १९२६ मध्ये हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा लागू केला. १९३८ च्या ‘फेअर लेबर स्टँडर्ड्‌स अ‍ॅक्ट’ने जादा मोबदल्याविना घेता येणाऱ्या कामाची मर्यादा आठवड्याला ४४ तास ठरवली आणि १९४० पासून ती ४० तासांवर आणली. कायद्याच्या कक्षेतील कामगारांच्या दृष्टीने शनिवार मोकळा झाला. पुढच्या काळातील घरदुरुस्तीचा बराचसा इतिहास या शनिवारावर उभा आहे.

कर्जाची व्यवस्थाही याच दशकात पालटली. १९२० च्या दशकातील गृहकर्ज तीन ते पाच वर्षांच्या मुदतीचे असे. ते घराच्या निम्म्या किमतीच्या आसपास मिळे. कर्जदार बहुधा नुसते व्याज भरत राही आणि मुदत संपताच सगळी मुद्दल एकरकमी फेडावी लागे, किंवा कर्जाचे नूतनीकरण करून घ्यावे लागे. महामंदीत बँकांनी नूतनीकरण थांबवले आणि लाखो घरांवर जप्ती आली. सरकारने १९३३ मध्ये ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ ही संस्था काढून सुमारे दहा लाख कर्जे आपल्याकडे घेतली आणि त्यांना दीर्घ मुदतीचे मासिक हप्ते बांधून दिले. १९३४ च्या ‘नॅशनल हाउसिंग अ‍ॅक्ट’ने ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ (एफएचए) स्थापन झाली. कर्ज बुडाल्यास भरपाईची हमी सरकार देऊ लागल्यावर बँका वीस वर्षांच्या मुदतीने आणि किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ लागल्या.

या कायद्याचा पहिलाच भाग नव्या घरांविषयी नसून जुन्या घरांच्या दुरुस्तीविषयी होता. त्याखाली सुरुवातीला २,००० डॉलरपर्यंत दुरुस्ती-कर्ज मिळे. बांधकाम-मजुरांच्या हाताला काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता. पण घर सुधारण्यासाठी कर्ज काढणे ही प्रतिष्ठित आणि सरकारमान्य गोष्ट आहे, हा विचारही त्यामुळे घरोघरी पोहोचला. त्याचा गैरफायदाही घेतला गेला. दारोदार फिरून निकृष्ट काम गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांची प्रकरणे १९५४ मध्ये उघडकीस आली आणि नियम कडक करावे लागले.

हमीची व्यवस्था सर्वांना सारखी नव्हती. कर्जाची जोखीम ठरवण्यासाठी शहरांचे नकाशे काढले गेले. कृष्णवर्णीय वस्त्या आणि मिश्र वस्तीचे जुने भाग त्यांत तांबड्या रंगाने दाखवले गेले. अशा भागांत घर घ्यायला किंवा सुधारायला कर्ज मिळणे जवळजवळ अशक्य झाले. एकाच शहरात गोऱ्या कारकुनाच्या घराची किंमत दुरुस्तीने वाढत गेली. तेवढाच पगार आणि तेवढीच मेहनत असलेल्या कृष्णवर्णीय कामगाराचे घर मात्र कर्जाअभावी खंगत गेले. पुढे स्वस्तात मिळालेली ‘दुर्लक्षित’ घरे बऱ्याच अंशी या धोरणाची निर्मिती होती.

लेव्हिटाउनचे पोटमाळे

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने हमीचे गृहकर्ज मिळू लागले, तेही बहुधा इसाराची रक्कम न भरता. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात उभ्या राहिलेल्या लेव्हिटाउन वसाहतीत १७ हजारांहून अधिक घरे बांधली गेली. सुरुवातीचे घर जेमतेम ७५० चौरस फुटांचे होते. खाली दोन शयनगृहे आणि वर मुद्दाम अर्धवट सोडलेला पोटमाळा अशी त्याची रचना होती. कुटुंब वाढेल तसा पोटमाळा मालकाने स्वतः पुरा करावा, अशी बांधणाऱ्यांची कल्पना होती. त्याप्रमाणे मालक दिवसा न्यूयॉर्कमध्ये नोकरी करत आणि संध्याकाळी परत येऊन वर दोन खोल्या काढत. काही दशकांत या वसाहतीत मूळ रूपातले घर सापडणे अवघड झाले. सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कोणालाही राहू देण्यास मनाई होती, हेही या वसाहतीच्या इतिहासाचे अंग आहे.

अवजारांच्या कारखानदारांनी ही बाजारपेठ ओळखली. ‘ब्लॅक अँड डेकर’ने १९४६ मध्ये खास घरगुती वापरासाठी स्वस्त विजेची ड्रिल काढली. घरी वापरायला सोपे, पाण्यात मिसळणारे रंग, प्लायवूड आणि फरशीच्या चिकटवायच्या लाद्या हेही याच सुमारास घरोघरी पोहोचले. ‘टाइम’ साप्ताहिकाने २ ऑगस्ट १९५४ च्या अंकात मुखपृष्ठावर हा ‘स्वतः करा’ छंद मांडला आणि त्याची उलाढाल अब्ज डॉलरची असल्याचे म्हटले. तोवर घरदुरुस्ती ही मुख्यतः राहण्याची सोय आणि हौस होती. तिला नफ्याची शिस्त लावली ती कराच्या कायद्याने.

टेलिफोन कंपनीतला नोकरदार

१९५१ च्या महसूल कायद्याने राहते घर विकून ठरावीक मुदतीत तेवढ्याच किंवा जास्त किमतीचे दुसरे घर घेणाऱ्याचा नफ्यावरील कर पुढे ढकलला. नफा हातात घेतला तर कर, दुसऱ्या घरात घातला तर तूर्त कर नाही, असा हा हिशेब होता. त्यामुळे घर घ्यायचे, सुधारायचे, विकायचे आणि त्या पैशातून वरच्या किमतीचे घर घ्यायचे, अशी शिडी तयार झाली. १९७८ मध्ये ५५ वर्षांवरील मालकाला आयुष्यात एकदा एक लाख डॉलरपर्यंतचा नफा पूर्ण करमुक्त मिळू लागला आणि १९८१ मध्ये ही मर्यादा सव्वा लाखावर गेली. शिडीच्या शेवटी निवृत्तीची पुंजी असल्यामुळे पगारदारांना ती चढण्यात अर्थ वाटू लागला.

या विचाराला पुस्तकाचे रूप दिले विल्यम निकरसन यांनी. ते कॅलिफोर्नियात टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. आपण एक हजार डॉलरपासून फावल्या वेळात स्थावर मालमत्तेत दहा लाख कसे केले, हे सांगणारे त्यांचे पुस्तक १९५९ मध्ये निघाले आणि ‘फावल्या वेळात’ हे शब्द त्याच्या नावातच होते. निकरसन यांची पद्धत भाड्याच्या इमारतींची होती. रया गेलेली पण पायाने मजबूत इमारत घ्यायची, डोळ्यांत भरतील अशा सुधारणा करायच्या, भाडे वाढले की वाढलेल्या किमतीच्या बळावर ती मोठ्या इमारतीशी बदलून घ्यायची. सुधारणेवर घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे किंमत त्याच्या किमान दुप्पट वाढली पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. कोणती दुरुस्ती करायची यापेक्षा कोणती करायची नाही हे ठरवण्यासाठी तो अधिक उपयोगी पडे. चांगल्या स्थितीतले छत केवळ हौसेने बदलले तर किंमत फारशी वाढत नाही. मळकट दर्शनी भाग रंगवला तर वाढते.

ब्रुकलिन आणि एका डॉलरची घरे

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर अनेक शहरांनी जुने भाग पाडून नवे बांधण्याचा सपाटा लावला. त्याला उलट वळण देणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील पगारदार होते. तिथली एकोणिसाव्या शतकातली तांबूस-तपकिरी वाळूच्या दगडाच्या दर्शनी भागाची घरे ‘ब्राउनस्टोन’ म्हणून ओळखली जातात. मंदी आणि युद्धकाळात त्यांच्या खोल्या तोडून भाडेकरूंना दिल्या गेल्या होत्या. कोरीव लाकूडकामावर रंगाचे थर चढले होते, शेकोट्या बुजवल्या होत्या. ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाचे संपादक एव्हरेट ऑर्टनर आणि त्यांच्या पत्नी एव्हलिन यांनी १९६३ मध्ये पार्क स्लोप भागात असे घर घेतले. १९६८ मध्ये ‘ब्राउनस्टोन रिव्हायव्हल कमिटी’ स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. बँका या भागात कर्ज द्यायला तयार नसत, म्हणून कमिटीने त्यांचे मन वळवण्याचे काम केले. जुन्या घरांच्या दुरुस्तीला वाहिलेले ‘ओल्ड-हाउस जर्नल’ही १९७३ मध्ये ब्रुकलिनमध्येच निघाले. शिक्षक, संपादक, वकील, सामाजिक कार्यकर्ते असे हे नवे मालक संध्याकाळी रंग खरवडत. सुरुवातीला त्यांना नफ्यापेक्षा ऐसपैस घराचे आकर्षण होते. भाव वाढल्यावर त्यांच्यामागून आलेल्यांचे आकर्षण वेगळे होते.

या बदलाची किंमत खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंनी मोजली. लंडनमध्ये कामगारवस्तीची घरे मध्यमवर्ग घेत असल्याचे पाहून समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द वापरला. अमेरिकेतही तो रुजला. एका कुटुंबाच्या घामाने वाढलेली किंमत दुसऱ्या कुटुंबाला न परवडणारे भाडे होऊन बसते, हा आक्षेप तेव्हापासून या धंद्यामागे लागला आहे.

शहरांनीही पगारदारांच्या फावल्या वेळाचा उपयोग करून घेतला. रहिवासी उपनगरांत गेल्याने आणि कर थकल्याने हजारो घरे शहरांच्या ताब्यात येऊन पडली होती. डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन शहराने १९७३ मध्ये अशी घरे नाममात्र किमतीला देण्याची योजना सुरू केली आणि लगेच बाल्टिमोरने एका डॉलरला घर देऊ केले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडे १६० एकर जमीन पाच वर्षे वसून ती कसणाऱ्याच्या नावावर केली जाई. त्यावरून या योजनेला ‘अर्बन होमस्टेडिंग’ म्हटले गेले. १९७४ च्या संघराज्य कायद्याच्या ८१० व्या कलमाने सरकारच्या ताब्यातील घरे शहरांना अशा योजनेसाठी देण्याची सोय केली. बाल्टिमोरच्या ऑटरबाइन भागातील शंभराहून अधिक घरांसाठी १९७५ मध्ये सोडत काढावी लागली, एवढे अर्ज आले.

किंमत एक डॉलर असली तरी दुरुस्तीचा खर्च हजारोंच्या घरात जाई. ठरलेल्या मुदतीत घर नियमांनुसार राहण्यायोग्य करण्याची आणि त्यात स्वतः राहण्याची अट होती. त्यासाठी शहर कमी व्याजाचे कर्ज देई आणि ते फेडण्याइतकी मिळकत अर्जदाराला दाखवावी लागे. साहजिकच योजनेचा लाभ बेघरांपेक्षा नियमित पगार असणाऱ्यांना झाला. ‘स्वेट इक्विटी’, म्हणजे घामाचे भांडवल, हा शब्दप्रयोग याच काळात सर्वतोमुखी झाला. पण एकट्या घामावर घर मिळाले नाही. त्यासोबत पगाराची पावती लागली.

दोन पगारांचे घर

१९७४ च्या ‘इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट’ने स्त्री किंवा विवाहित असण्यावरून कर्जात भेदभाव करण्यास बंदी केली. तोपर्यंत बँका पत्नीचा पगार पूर्ण धरत नसत, कारण मूल झाल्यावर ती नोकरी सोडेल असे गृहीत धरत. दोन्ही पगार धरले जाऊ लागल्यावर कर्जाची रक्कम वाढली. एकाच्या पगारावर हप्ता आणि दुसऱ्याच्या पगारावर सिमेंट, लाकूड, नळ असा संसार मांडता येऊ लागला. महागाईनेही हातभार लावला. ठरावीक व्याजाचा हप्ता तोच राही आणि घराचा भाव व पगार वाढत जाई. १९८१ मध्ये मात्र नव्या कर्जाचा व्याजदर १८ टक्क्यांच्या वर गेला आणि खरेदी-विक्री थंडावली.

१९७८ मध्ये ‘होम डेपो’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९७९ मध्ये तिची पहिली दुकाने अटलांटात उघडली. पूर्वी लाकडाची वखार, नळांचे दुकान, विजेच्या सामानाचे दुकान असे ठेकेदारांचे वेगवेगळे पुरवठादार असत. ते संध्याकाळी लवकर बंद होत आणि हौशी गिऱ्हाइकाला फारसे विचारत नसत. सगळे सामान एका छताखाली, रात्री आणि रविवारीही मिळू लागले, ही नोकरदाराच्या दृष्टीने मोठी सोय होती. १९७९ मध्येच बोस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राने ‘धिस ओल्ड हाउस’ ही मालिका सुरू केली. डॉर्चेस्टर भागातल्या एका जुन्या घराची दुरुस्ती तिच्यात आठवड्या-आठवड्याने दाखवली गेली. सुताराच्या मुलाला बापाकडून मिळणारे ज्ञान कारकुनाला पडद्यावरून मिळू लागले. १९८० मध्ये आलेल्या रॉबर्ट अ‍ॅलन यांच्या ‘नथिंग डाउन’ या पुस्तकाने पदरचे पैसे न घालता घरे घेण्याचा मार्ग लोकप्रिय केला आणि पुढे अशा शिकवण्यांचाच एक स्वतंत्र धंदा झाला.

याच काळात जुन्या घरातले धोकेही स्पष्ट झाले. १९७८ मध्ये घरगुती रंगात शिसे वापरण्यावर बंदी आली. त्याआधीच्या घरात रंग घासताना उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. गरम पाण्याच्या नळांवरचे जुने वेष्टण आणि फरशीच्या लाद्या यांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. राहत्या घरात दुरुस्ती करणाऱ्या कुटुंबाला ही जोखीम सर्वात जास्त होती. १९९० च्या दशकात जुन्या घराच्या विक्रीत शिशाविषयी माहिती देणे बंधनकारक झाले आणि २०१० पासून मोबदला घेऊन असे काम करणाऱ्यांना प्रशिक्षणाचा दाखला घ्यावा लागू लागला.

दोन वर्षांचा नियम

१९८६ च्या करसुधारणेने पगारदारांना भाड्याच्या घरांतील तोटा पगारातून वजा करण्यावर मर्यादा घातल्या. निकरसन यांच्या वाटेचे आकर्षण त्यामुळे कमी झाले. १९९७ च्या ‘टॅक्सपेअर रिलीफ अ‍ॅक्ट’ने राहत्या घराची वाट मात्र प्रशस्त केली. विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे मालक त्या घरात राहिला असेल, तर एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त झाला. वयाची अट गेली, महाग घर घेण्याची अट गेली आणि दर दोन वर्षांनी ही सवलत पुन्हा घेता येऊ लागली.

या नियमाने नोकरदाराच्या संथपणाचे सोने केले. पूर्णवेळ व्यावसायिकाला घर काही महिन्यांत विकावे लागते, कारण रिकाम्या घराचे व्याज, मालमत्ता कर आणि विमा रोज चढत असतो. त्याचा नफा धंद्याचे उत्पन्न म्हणून पूर्ण दराने करपात्र ठरतो. नोकरदाराचे काम दोन वर्षे रेंगाळते, पण तो त्याच घरात राहत असल्याने भाडे वाचते आणि नफ्यावर कर लागत नाही. स्वतःच्या मजुरीची किंमत खर्चात दाखवता येत नाही, म्हणून कागदावर नफा मोठा दिसतो आणि तो मोठा नफाच माफ होतो. त्याच संध्याकाळी दुसरीकडे पगारी काम केले असते, तर त्या कमाईवर कर भरावा लागला असता. घरावरच्या घामाला कायद्याने दिलेली ही सवलत या जोडधंद्याचा कणा आहे.

कर्जाच्या बाबतीतही नोकरी ही अडचण नसून भांडवल ठरते. नियमित पगाराच्या नोंदीवर आणि स्वतः राहण्याच्या अटीवर सर्वात कमी व्याजाचे कर्ज मिळते. एफएचएचे कर्ज पुढे साडेतीन टक्के रक्कम भरूनही मिळू लागले. ‘२०३ के’ या योजनेत खरेदी आणि दुरुस्ती यांचे कर्ज एकत्र होते. गैरव्यवहार आढळल्यावर १९९६ मध्ये ती गुंतवणूकदारांना बंद करून राहणाऱ्या मालकांपुरती ठेवण्यात आली. नोकरी सोडून याच धंद्यात उतरणाऱ्याला मात्र कमाईचा स्थिर इतिहास दाखवता येईपर्यंत महाग आणि कमी मुदतीच्या कर्जावर काम भागवावे लागते.

व्यावसायिकांचा एक ढोबळ नियम नोकरदारही वापरतात. दुरुस्तीनंतर घराची जी किंमत येईल, तिच्या ७० टक्क्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याहून जास्त किंमत द्यायची नाही. दुरुस्तीनंतर तीन लाख डॉलरला जाईल अशा घरावर ४० हजारांचे काम असेल, तर खरेदीची मर्यादा १ लाख ७० हजार होते. सोडलेल्या ३० टक्क्यांत व्याज, कर, विमा, दलाली, न दिसलेले दोष आणि नफा बसवायचा असतो.

कामाचा क्रमही ठरलेला आहे. आधी छत, पाया आणि पाणी आत येण्याच्या वाटा पाहतात, मग भिंती उघड्या असताना नळ आणि तारा घालतात, त्यानंतर तक्ते ठोकून भिंती बंद करतात आणि शेवटी स्वयंपाकघर, न्हाणीघर, रंग आणि फरशी घेतात. राहत्या घरात एक न्हाणीघर कायम चालू ठेवावे लागते. काही ठिकाणी विजेचे आणि नळांचे काम मालकाला स्वतः करता येते, काही ठिकाणी परवानाधारकच लागतो. नगरपालिकेचा निरीक्षक तारा पाहून गेल्याशिवाय भिंत बंद करता येत नाही, आणि तो कार्यालयीन वेळेतच येतो. त्यामुळे नोकरदाराच्या हक्काच्या रजा बऱ्याचदा निरीक्षक आणि सामान पोहोचवणारी गाडी यांची वाट पाहण्यात जातात.

तेजी, मंदी आणि नंतर

२००३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर एक टक्क्यावर आला. उत्पन्नाचा पुरावा न मागता कर्जे दिली जाऊ लागली. त्याच वर्षी एफएचएने खरेदीनंतर ९० दिवसांत पुन्हा विकल्या जाणाऱ्या घरावर हमी न देण्याचा नियम केला. दिखाऊ रंगरंगोटी करून फुगवलेल्या किमतीला घरे खपवण्याचे प्रकार त्यामागे होते. १९९४ पासून ‘एचजीटीव्ही’ ही घरसजावटीची वाहिनी चालू होतीच. २००५ मध्ये ‘फ्लिप धिस हाउस’ आणि ‘फ्लिप दॅट हाउस’ या दोन मालिका वेगवेगळ्या वाहिन्यांवर आल्या. महिन्यांचे काम तासाभरात आटोपणाऱ्या या मालिकांत वेळ हा सर्वात मोठा खर्च दिसतच नसे.

या तेजीत दुरुस्ती मागे पडली. घराला हात न लावता केवळ भाव चढेल या भरवशावर ते घेतले जाऊ लागले. न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवले, की २००६ मध्ये घरखरेदीच्या कर्जांपैकी एक तृतीयांशाहून अधिक कर्जे आधीच किमान एक घर असलेल्यांना दिली गेली होती. अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि नेवाडा येथे हे प्रमाण निम्म्याच्या जवळ होते. भाव घसरल्यावर दोन-तीन हप्ते एका पगारावर ओढणारे सर्वात आधी बुडाले. स्वतः राहत असलेल्या घराची दुरुस्ती करणाऱ्यालाही तोटा झाला, पण हप्ता पगारात बसत असेल तर त्याला थांबता येत होते.

२०१२ नंतर भाव सावरले तेव्हा जप्तीतली स्वस्त घरे रोख पैशाने उचलणाऱ्या कंपन्या समोर होत्या. संगणकीय अंदाजावर घर विकत घेऊन, किरकोळ दुरुस्ती करून विकणाऱ्या कंपन्याही निघाल्या. ‘ओपनडोअर’ २०१४ मध्ये सुरू झाली. ‘झिलो’ने २०१८ मध्ये हा व्यवसाय सुरू केला आणि मोठ्या तोट्यानंतर २०२१ मध्ये तो बंद करण्याचे जाहीर केले. पगारदाराच्या वाट्याला यांपैकी कोणालाच नको असलेली घरे येतात : रचना अवघड, काम जास्त आणि खर्चाचा अंदाज न येणारी.

२०२० च्या महामारीत घरून काम सुरू झाल्यावर येण्याजाण्याचा वेळ वाचला आणि निरीक्षकाच्या वेळेला घरी थांबणे सोपे झाले. पण २०२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास असलेला गृहकर्जाचा व्याजदर २०२३ मध्ये सात टक्क्यांच्या वर गेला. दर दोन वर्षांनी घर विकून दुसरे घेणाऱ्याला प्रत्येक पायरीवर जुने स्वस्त कर्ज सोडून नवे महाग कर्ज घ्यावे लागू लागले. करमाफीची अडीच आणि पाच लाखांची मर्यादाही १९९७ मध्ये ठरली ती तशीच राहिली होती, त्यामुळे महागड्या शहरांत वाढलेल्या नफ्याचा काही भाग पुन्हा कराच्या कक्षेत आला. लाकडी सांगाडा, सुट्टीचा शनिवार आणि पगाराची पावती या गोष्टी तशाच राहूनही शिडी चढण्याचा वेग अशा रीतीने व्याजाच्या दराने आणि कराच्या मर्यादेने ठरवला.